वरच्या अंगाला

गळाला गाठ मारताना तोंडाचाही उपयोग करावा लागतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्याच्याच भोवती पाच वेढे द्यायचे, टोक नेढ्यालगतच्या फटीतून परत काढायचं आणि आवळण्याआधी गाठ तोंडात धरून चांगली ओली करायची. कोरडी आवळली तर घासून नायलॉन कमजोर होतो. मी पडलो सुसंस्कृत, कोरडीच आवळली. पहिलाच मोठा मासा लागला आणि गळासकट गेला. हाती आलेल्या तंगुसाचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलं होतं.

"तंगूस तुटला नाय, गाठ सुटली तुमची," शेजारचे काका म्हणाले.

काजळी नदी रत्नागिरीजवळ भाट्याला समुद्राला मिळते, तिथे हे काका गरवायला बसतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ आली, हे त्यांचं गणित. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मी मोबाइल काढून रेंज शोधेपर्यंत त्यांचं आमिष पाण्यात पडलेलं असतं.

सरकतं शिसं लावायला त्यांनीच शिकवलं. भोक असलेलं शिसं तंगुसात मोकळं ओवायचं, खाली स्विव्हल, मग हातभर तंगूस आणि गळ. मासा आमिष घेऊन निघाला की तंगूस शिशातून नुसता सरकतो, त्याला वजन जाणवत नाही. गृहकर्ज असंच देतात.

पण खरी गंमत चाऱ्याची. अर्धा किलो तारली कुटायची आणि मूठभर वाळूत कालवून गोळे करायचे. वाळूच्या वजनाने गोळा तळाशी जातो, तारलीचं तेल प्रवाहाबरोबर पसरतं आणि त्या वासावर मासे येतात. तारली शिळी चालते. ताजी घेतली तर चारा होण्याआधीच तिचं तिखलं होतं. आणि टाकायचं थोडं थोडं. पहिल्या दिवशी मी सगळा चारा एकदम ओतला. जेवून उठलेला पाहुणा पुन्हा पंगतीला बसत नाही, तसे मासे गळाकडे फिरकलेच नाहीत. एक केंड तेवढा आला. दातांनी तंगूस कुरतडून गेला.

पुढे मी शिस्तीने टाकू लागलो. मला एखादा शिंगाळा मिळे, तोही काटा मारून. काकांना मात्र तांबोशी. काका मोठे अगत्यशील. "तुम्ही वरच्या अंगाला बसा, पाव्हणे तुम्ही," म्हणून सुकतीला मला वरची जागा देत. भरती लागून पाणी उलटं फिरलं की आपली पिशवी उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसत. मला वाटे, काय हा जिव्हाळा! चारा पाण्याबरोबर खाली वाहतो आणि खालच्या अंगाला काकांचा गळ असतो, हे ध्यानात यायला मला दोन महिने आणि बारा किलो तारली लागली.

मी जाब विचारला. काका जराही ओशाळले नाहीत. "तुमचा गोळा पायाशी नि गळ पण पायाशी. वाहणार तर इकडेच ना? गळ जरा खाली टाका की." आणि एक तांबोशी माझ्या पिशवीत घातली. हिशेबाने ती माझीच होती, पण मी "कशाला, कशाला" म्हणत घेतली.

त्या आनंदात उरलेला चारा स्कूटरच्या डिकीत राहिला. मे महिना, त्यात आम्ही चार दिवस पुण्याला लग्नाला. परत आलो तेव्हा सीटवर तीन आणि पायदानावर दोन मांजरं बसली होती. फिनेल झालं, लिंबू झालं, कापूर झाला. ही तेव्हापासून मागे बसत नाही, रिक्षाने जाते.

तर स्कूटर विकायची आहे. एकहाती वापरलेली, ॲव्हरेज चांगलं. गिऱ्हाइकाला जुनी सर्दी असल्यास किमतीत सवलत मिळेल.