टी-शर्ट नको, पावती द्या

थंडी पडली की नागपुरात कोणासाठी तरी चालणे सुरू होते. कधी कॅन्सरसाठी, कधी हृदयासाठी, कधी एखाद्या रुग्णालयाच्या नव्या यंत्रासाठी. पहाटे सिव्हिल लाइन्समध्ये एका रंगाचे टी-शर्ट, झुंबा, झेंडी दाखवायला पाहुणे. मग तर्री-पोहे. नऊ वाजता रस्ता मोकळा.

रुग्णालयाला किती मिळाले?

हा प्रश्न विचारला की आयोजकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू द्या. रुग्णाचे नाव सांगून पैसे मागितले, तर हिशेबही रुग्णाच्याच नावाने द्यावा लागेल.

समजा, नोंदणीचे पाचशे रुपये घेतले. त्यातून टी-शर्ट, पदक, मंडप, फलक, साउंड, पाणी, नाश्ता. उरले ते रुग्णालयाचे. म्हणजे ज्याच्यासाठी चाललो, तो पंगतीत शेवटी बसणार? त्याचे पान आधी वाढा. खर्च प्रायोजकाकडून घ्या आणि चालणाऱ्याचा रुपया न् रुपया रुग्णालयात जाऊ द्या.

शिवाय टी-शर्टच्या बदल्यात दिलेले पैसे ही खरेदी झाली, दान नव्हे. दानाची पावती ज्या न्यासाला पैसे दिले त्याच्या नावाची असते. प्राप्तिकरात सवलत हवी, तर त्या न्यासाकडे प्राप्तिकर खात्याची त्यासाठीची मान्यता लागते आणि दोन हजारांवरची रोख त्यात चालत नाही. न्यासाची नोंदणी नसलेल्यांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते. गणपती मंडळांची पोरे त्यासाठी दरवर्षी अर्ज करतात. मग वॉकच्या पत्रकावर पाहुण्यांचे फोटो मावतात, तिथे नोंदणीचा किंवा परवानगीचा क्रमांक का मावू नये?

चालून, धावून पैसे उभे राहतात का? राहतात.

टेरी फॉक्स हा कॅनडातला तरुण. हाडाच्या कॅन्सरने १९७७ मध्ये उजवा पाय गेला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसांत पोहोचल्याने त्याला थांबावे लागले. मागणे एकच होते, प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर, कॅन्सर संशोधनासाठी. फेब्रुवारी १९८१ मध्ये दोन कोटी चाळीस लाखांवर डॉलर जमले होते. देशाची लोकसंख्याही तेवढीच होती. जूनमध्ये तो गेला. त्याच्या नावाच्या दौडीत आजही स्पर्धा नाही, बक्षीस नाही.

पदकाशिवाय लोक येत नाहीत, असे कोण म्हणतो?

एवढ्या लांबही जायला नको. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. तिथे धावणारे आपापल्या पसंतीच्या संस्थेसाठी नातेवाईक, मित्र, ऑफिस असे सगळ्यांकडे हात पसरतात. मोठी रक्कम जमते ती या मागण्यातून. आपण मात्र नोंदणीचे पैसे भरले की सुटलो.

आणि नागपूरला हे शिकवायला मुंबई तरी कशाला हवी? १९२१ मध्ये याच शहरात कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने मातृसेवा संघ उभा केला. कमलाताई बालविधवा, नर्सिंग शिकलेल्या. बाळंतपणात बायका दगावत होत्या, त्या काळात दोन बायकांनी सूतिकागृह काढले आणि लोकांच्या देणग्यांवर ते वाढले. गरज आधी दिसली, पैसा नंतर मागितला. आपल्याकडे आधी तारीख ठरते, मग पाहुणे, मग टी-शर्टचा रंग. रुग्णालयाला काय हवे, हे विचारायचे राहूनच जाते.

विचारा की! मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. कोणाचे औषध अडले, कोणाकडे परतीच्या तिकिटाचेही पैसे नाहीत, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्याकडून यादी घ्या. पत्रकावर तीच छापा.

मार्गही बदला. फुटाळा तलावावरचा वारा चांगला आहे, पण तिथे रुग्णालय नाही. संविधान चौकातून निघा आणि मेडिकलपर्यंत, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत चाला. चार-पाच किलोमीटर होतील. गडचिरोली, गोंदिया, शेजारच्या छत्तीसगड-मध्य प्रदेशातून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक तिथे आवारात चटई टाकून पडलेले असतात. उशाशी कपड्यांची पिशवी, त्या पिशवीत एक्स-रेचे पाकीट, शेजारी स्टीलचा डबा. वॉर्डातून हाक येईल म्हणून एक जण जागा असतो. त्यांच्यासमोरून एकदा चालून गेलेला माणूस पुढच्या वर्षी पाचशेवर थांबणार नाही.

फक्त डीजे घरी ठेवा. रुग्णालयाभोवती शांतता हवी.

आयोजकांनो, तीस दिवसांत तीन आकडे जाहीर करा. जमा किती, खर्च किती, रुग्णालयाला दिले किती. आणि वाचकहो, पुढच्या वॉकला अवश्य जा, घरच्यांनाही न्या. पण पैसे भरण्याआधी विचारा, पावती कोणाच्या नावाने देणार? उत्तर मिळाले नाही, तर तेच पैसे थेट रुग्णालयाच्या न्यासाच्या खात्यात भरा आणि मग खुशाल फिरायला जा.