न घोरणारे काका

पुरानी बस्तीत, महामाया मंदिराजवळच्या आमच्या गल्लीत, काका झोपले का, असं विचारावं लागत नाही. ऐकू येतं. काकांचं म्हणणं मात्र ठाम : "मी आणि घोरतो? अहो, माझा नुसता डोळा लागतो!"

मे महिन्यात दारं-खिडक्या सताड उघडी असतात, तेव्हा दोष कूलरचा. आझाद हिंदनं पुण्याला लेकीकडे जाताना मनमाडपासून अख्खा डबा टक्क जागा, दौंडला हेच उठून विचारणार, "रात्री कोण हो घोरत होतं? डोळ्याला डोळा लागला नाही." चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसतात, वक्त्याशी जुगलबंदी करतात आणि टाळ्या सर्वांआधी वाजवतात. मुलानं एकदा मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ऐकवलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "यात माझं नाव कुठे घेतलंय?"

काकूंची तक्रार वेगळीच. "घोरतात तोवर मी निवांत झोपते. आवाज थांबला की खडबडून उठते."

काकूंचं बरोबर होतं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट अरुंद होते, टाळू आणि पडजीभ थरथरते, हे झालं घोरणं. वाटच बंद झाली की श्वास अडतो; दहा सेकंद किंवा त्याहून जास्त. मग माणूस आचका देऊन पुन्हा सुरू होतो, आणि सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. म्हणून तर इतक्या छातीठोकपणे नाकारता येतं!

शेवटी अंगभर वायरी लावून काकांची एक रात्र तपासणी झाली. श्वास तासाला तिसाहून जास्त वेळा अडत होता, म्हणजे तीव्र प्रकार. आता नाकावर मुखवटा, उशाशी हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं यंत्र. ही युक्ती 1981 साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी जगापुढे मांडली. काका मात्र ती घरचीच असल्यासारखी सांगतात.

हल्ली संध्याकाळी बूढा तालाबावर ते खिशात शिंप्याची टेप घेऊन येतात आणि मित्रांच्या माना मोजतात. "सतरा इंच! तपासून घे, घोरत असशील."

"तुम्ही घोरता म्हणूनच ना ते यंत्र?" कुणीतरी विचारलंच.

"छे! माझा श्वास अडतो. घोरणारे वेगळे."