रेंगाळण्याची थोरवी

शाळेपासून घर दहा मिनिटांवर. माझ्या भाच्याला तेवढ्या वाटेला पाऊण तास लागतो. सोलापूरच्या पूर्व भागात गल्लीतून खडखडाट ऐकू आला की तो खिडकीशी उभा राहतो, आत चाललेला माग बघत. घरी आल्यावर बोलणी ठरलेली. ‘काय बे, कुठं रमलास? चल की लवकर, क्लासची वेळ झाली!’ जग ज्याला खुळेपणा म्हणतं, त्या रेंगाळण्याचं मला मनापासून कौतुक करायचं आहे.

त्या खिडकीशी त्याला एक गुणसुद्धा मिळत नाही. पण उभा धागा तुटला की कारागीर माग थांबवतो, दोन्ही टोकं शोधतो, गाठ मारतो आणि मगच पुढे जातो, हे त्याने स्वतः पाहिलंय. तसंच दामटलं, तर चादरीत खोट राहते.

असं थांबणं आता शाळेतही शिकवतात. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. त्यात प्राणायाम आहे, ध्यान आहे. शाळांमधला ‘मित्र उपक्रम’ तर त्याही आधीचा. त्यात मुलं दहा मिनिटं आनापान करतात. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, मोजायचा नाही, नाकपुडीशी येतो-जातो तेवढं जाणायचं. मन पळालं की स्वतःवर न चिडता त्याला परत आणायचं. पुन्हा पळालं, पुन्हा आणायचं. ‘डोळे मिटून बसल्यावर पोर्शन कोण संपवणार?’ असं पालक विचारतात. त्यांची काळजी मला समजते. पण तुटलेला धागा हाती घेऊन पुन्हा सांधणं हेच तर ते पोर इथे शिकतंय, आणि त्याला घाई चालत नाही.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत 7 नंदीध्वज निघतात, यण्णीमज्जनाच्या, म्हणजे तैलाभिषेकाच्या दिवशी 68 लिंगांची प्रदक्षिणा होते. नंदीध्वजाची उंच काठी तोलून चालणाऱ्याचं सगळं ध्यान तोल आणि पाऊल यांतच असतं. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चालतो. त्या दिवशी अख्खं शहर त्याच्या पावलाने चालतं आणि ‘लवकर चला’ असं कोणी म्हणत नाही. वर्षातून एकदा मोठ्यांना जे पवित्र वाटतं, तेच पोर रोज दुपारी करतं. त्याला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

परवा त्याला आणायला मीच गेलो. दप्तर पायाशी टाकून तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता. माग थांबलेला होता. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर त्याने मागे न बघताच हात वर केला.

‘मामा, थांबा की. गाठ मारायलेत.’