धोका पातळी

सांगलीच्या गावभागात दर दोन-चार घरांआड एक अण्णा असतात. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी कितीवर आहे हे त्यांना विचारावं लागत नाही, ते स्वतःच सांगायला येतात. "अडतीसवर आलंय. कोयनेतून विसर्ग वाढवलाय. उद्या दुपारी चाळीस बघ." १९२९ सालच्या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. अण्णा मात्र पस्तीसलाच कामाला लागतात. छत्तीसला तांदळाचं पोतं वर, सदतीसला गॅसची टाकी, अडतीसला शिलाई मशीन. चाळीस होईपर्यंत खालच्या मजल्यावर फक्त अण्णा आणि त्यांची खुर्ची उरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या घरात गेलं, निम्मं गाव बोटीत बसलं. पण अण्णांच्या घरातला एक चमचा भिजला नाही. त्या वेळी कॉम्प्युटरचा डबा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून त्यांनी स्वतः जिना चढवला होता. "कुणी हात लावायचा नाही. आत हार्डडिस्क आहे!"

तीच हार्डडिस्क अलीकडे टकटक करायला लागली, तर अण्णा म्हणाले, "बघू की. काय घाई आहे?"

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. २००५ च्या पुरापासून रोजची पाणीपातळी, कोयनेचा साठा आणि अलमट्टीचा विसर्ग यांची एक्सेलमध्ये नोंद ठेवतात. त्या फाइलशेजारी मुलीच्या लग्नाचे फोटो, नातवाचं बारसं, घराचा नकाशा आणि काकूंनी सांगितलेल्या लोणच्यांच्या कृती. हे सगळं ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘महत्त्वाचे’, ‘महत्त्वाचे नवीन’ आणि ‘हेच बघावे’ अशा पाच ठिकाणी पसरलेलं.

सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची: ‘स्मार्ट स्टेटस बॅड. बॅकअप अँड रिप्लेस.’ खाली सूचना, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. अण्णांचं बोट आधीच तिथं टेकलेलं असायचं. त्यांच्या कीबोर्डवरच्या एफ-वनचं अक्षर पार पुसून गेलंय, शेजारचं एफ-टू मात्र कोरं करकरीत आहे.

विश्रामबागेत वालचंद कॉलेजला शिकणारी त्यांची पुतणी एकदा आली आणि आवाज ऐकून दचकली. तिनं समजावून सांगितलं: आत तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. वाचणारं टोक तिला न टेकता वर तरंगतं, आणि मधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी. त्या टोकाला जागा सापडेनाशी झाली की ते मागं जातं, पुन्हा येतं, पुन्हा मागं जातं. त्याचीच ही टकटक.

"म्हणजे प्रयत्न करतंय ना?" अण्णा म्हणाले. "मग झालं तर. आमच्या ऑफिसात तेवढंही कोणी करत नव्हतं."

तिनं तपासणीचा तक्ता उघडला. "अण्णाकाका, चोवीस सेक्टर पेंडिंग आहेत."

"पेंडिंगच ना? नामंजूर तर नाहीत?" एकतीस वर्षांच्या नोकरीत पेंडिंग या गोष्टीनं कुणाचं वाईट झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

मधल्या काळात उपचारही झाले. डब्याला दोन चापट्या मारून झाल्या. मग फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी सांगितलं, डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की सुधारते. अण्णांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मटारशेजारी ठेवली. पुतणीला कळल्यावर ती ओरडलीच. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली तबकडीही हातची जाते. लावण्याआधीच तिनं फोन केला म्हणून वाचलं. काकूंची हरकत वेगळी होती: मटाराच्या पिशव्यांवर तारीख असते, हिच्यावर नाही.

"आणि बॅकअप मी घेतलाय," अण्णांनी शेवटी हुकमाचं पान टाकलं. "सगळं सी-मधून डी-मध्ये कॉपी केलंय."

सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग. पुतणीनं कपाळाला हात लावला. मग जरा थांबून म्हणाली, "अण्णाकाका, पाणी चढायला लागल्यावर सोप्यातलं सामान तुम्ही स्वयंपाकघरात नेऊन ठेवता का?"

अण्णा गप्प झाले. तिनं लगेच तक्ता फिरवला. "सोमवारी आठ सेक्टर. बुधवारी चोवीस. आज एकशेबारा. नुसती आवक आहे, विसर्ग शून्य. धोका पातळी कधीच ओलांडलीय."

अण्णा ताडकन उठले. "मग इतके दिवस फूट-इंचात सांगायला काय झालं होतं तुला?"

पुढचे दोन तास घरात पूर नियंत्रण कक्ष होता. नवी डिस्क आली, जुनीवर काही उघडायचं नाही असं फर्मान निघालं. पुतणीनं आधी धडधाकट भाग उचलायला लावला. अडणारे भाग शेवटी, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून. नाहीतर एका खराब जागेवर अडून बसलेलं टोक बाकीचंही घेऊन बुडतं. "आधी एक्सेल," अण्णा म्हणाले. "आधी लग्न," काकू म्हणाल्या. रात्रभर डिस्क टकटकत राहिली आणि अण्णा खुर्चीवर पहारा देत बसले. पहाटेपर्यंत जवळजवळ सगळं वर आलं. ‘हेच बघावे’ तेवढं उघडलं नाही, आणि त्यात काय होतं हे अण्णांनाही आठवेना.

आता दुसरी प्रत मुलीकडं पुण्याला असते. "पुण्यात पूर येत नाही असं नाही," अण्णा सांगतात, "पण कृष्णेचा येत नाही." एक्सेलमध्ये पाणीपातळीशेजारी नवा रकाना आलाय: पेंडिंग सेक्टर. इशारा पातळी एक, धोका पातळी दोन. सकाळी फिरायला निघाले की गल्लीत प्रत्येकाला विचारतात, "तुमची डिस्क कितीवर?" आकडा सांगता आला नाही की माणसाची धडगत नाही.

परवा काकू म्हणाल्या, डॉक्टरांनी साखर तपासायला सांगून दोन महिने झाले. अण्णांनी पेपरातून मान वर न करता उत्तर दिलं, "बघू की. काय घाई आहे?"

"ह्यांची साखरसुद्धा आयर्विन पुलावरच रंगवून घ्यायला पाहिजे," काकू म्हणाल्या. "म्हणजे रोज सकाळी जाऊन बघतील."