तेरा माणसं, एक पिशवी

(रंगमंचावर एक लाकडी बाकडं. पन्नाशीचा माणूस येतो. गळ्यात दोऱ्यात ओवलेली प्लास्टिकची कार्डं, हातात नायलॉनची फुगलेली पिशवी. बाकड्यावर बसतो, पिशवी मांडीवर घेतो आणि पहिल्या रांगेतली माणसं बोटानं मोजायला लागतो.)

...अकरा, बारा, तेरा. (दचकून) माफ करा हां. सवय लागल्या. गर्दी दिसली की बोट आपोआप वर जातंय.

मी उचगावचा. पुण्याकडनं कोल्हापुरात शिरताना हायवेवर तावडे हॉटेलचा स्टॉप लागतोय बघा, तिथनं गांधीनगरच्या अंगाला वळायचं. गांधीनगर तुमास्नी ठाऊक असणार. कापडाचं होलसेल मार्केट. त्यातल्या एका दुकानात मी बावीस वर्षं दिवाणजी. त्यामुळं जगाकडं बघायची माझी एकच नजर: एक घेतलं तर भाव वेगळा, डझन घेतलं तर वेगळा. डझनावर एक जादा घेतलं तर वर चहा. हे ज्येला कळलं न्हाई त्येनं व्यापार करू नये, आन् ह्याच्यापलीकडं काय कळून घ्यायची मला कधी गरज पडली न्हाई.

तर भाच्यानं फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला घरातनं तेरा माणसं निघाली. कुठल्या शहरात, ते विचारू नका. भाचा तिथं अजून हप्ते फेडतोय.

जाताना एसटी. एसटीत कसं असतंय, पिशवी एकाच्या मांडीवर, पाकीट एकाच्या खिशात आन् तिकीट एकानंच काढायचं. बाकीच्यांनी खिडकीकडं बघायचं. कंडक्टर आला. मी म्हणलं, तेरा. तो म्हणाला, फोड करून सांगा. (उभा राहतो.) मग मी सांगितली की! आई सत्त्याहत्तर, म्हंजे फुकट. पंचाहत्तरीच्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासनं तिकीटच न्हाई. तात्या अडुसष्ट, निम्मं. काकी, आत्ती, आमची मंडळी, वैनी, आक्का ह्या पाच बाया, बायांना १७ मार्च २०२३ पासनं निम्मं. दोन पोरं बाराच्या आतली, निम्मं. तिसरं पोरगं चार वर्षांचं, फुकट.

(आवाज खाली आणून) ते गेली दोन वर्षं चारच वर्षांचं हाय.

ऱ्हायलं कोण? मी, भाऊ आन् दाजी. अख्खी तिकिटं तीन, निम्मी आठ, म्हंजे सात तिकिटांच्या पैशात तेरा माणसं! ह्येला म्हणायचं होलसेल. कंडक्टरनं मशीनवर असं काय तबला वाजवल्यागत बोटं मारली, आन् फूटभर कागद माझ्या हातात. घडी घातली, टोपीत खोवली. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, रिक्षा नको, मेट्रोनं शहर बघा. डे पास काढा. दिवसभर कितीबी फिरा." हे 'कितीबी' त्येनं तात्यासमोर म्हणायला नको हुतं.

आमच्या तात्याचा पासाशी जुना संबंध हाय. एसटीची ती 'आवडेल तेथे प्रवास' योजना हाय न्हवं, १९८८ पासनंची? चार दिवसांचा न्हाईतर सात दिवसांचा पास. तात्यानं तरुणपणी सात दिवसांचा काढलेला. सात दिवसांत त्येनं अर्धा महाराष्ट्र बघितला. खिडकीतनं. खाली उतरला तर तेवढा वेळ पास वाया जातोय, म्हणून! वेरूळला विचारलं, लेणी कशी हैत? म्हणाला, स्टँड चांगलं हाय.

तर गेलो स्टेशनात. खिडकीत एक पोरगी, लई गोड बोलणारी. मी बाही मागं सारली. म्हणलं, "ताई, तेरा पास घ्यायचेत. भाव काय लावताय?"

"शंभर रुपये काका."

"ते एकाचा झाला. तेराचा?"

"तेराशे."

(प्रेक्षकांकडं बघत राहतो.) बावीस वर्षांत मला असं कोण बोललं न्हवतं. म्हणलं, "ताई, मग तेराजणं एकदम कशाला आलो आमी? एकेक करून आलो असतो की!" ती हसली. म्हणलं, बरं, डझनाचे पैसे घ्या आन् वरचं एक पोरगं सोडा. चारच वर्षांचं हाय. तर म्हणती, "काका, इथं वय नाही विचारत, उंची बघतो. नव्वद सेंटिमीटरच्या आत असेल तर फुकट."

नव्वद सेंटिमीटर म्हंजे तीन फूट. आता दोन वर्षं आमी त्या पोराला 'चार' म्हणायला शिकवलं. वाकायला कोण शिकवलं न्हवतं! एसटीत वय चोरायचं, मेट्रोत उंची, किती गोष्टी ध्यानात ठेवायच्या एका लेकरानं? आन् ते बी असलं बेणं, भिंतीवरच्या खुणेपाशी गेलं आन् चवड्यांवर उभं ऱ्हायलं. "मामा, बघ, मी केवढा झालो!"

झाले तेराशे.

मग तात्या पुढं झाला. "पोरी, पैसे घे. पर एकाच कार्डावर तेरा पास भर. मी कार्ड लावतो, मागनं सगळी येतील." ती म्हणाली, "आजोबा, एक कार्ड, एकच माणूस." तात्या म्हणाला, "अंबाबाईच्या देवळात तेराजणांच्या चपला एका पोत्यात घालून एक बिल्ला देत्यात. तिथं चालतंय. देवीला चालतंय!"

पोरीनं शांतपणं समजावलं. कार्ड दाराला लावलं की कार्डावर लिहिलं जातंय, 'हा आत गेला'. आत गेलेला माणूस परत आत कसा जाईल? त्येला आधी बाहेर यायला पायजे. एका कार्डावर एका येळी एकच माणूस आत. मला पटलं. पटलं म्हंजे काय, तिच्या मागं भिंतीवर लिहिलंतंच: एक देश, एक कार्ड. ते नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, मार्च २०१९ ला आलं बघा, कुठल्याबी गावची मेट्रो, कुठलीबी बस. (गळ्यातली कार्डं हातावर घेऊन) देशाला एक पुरलं. आमच्या घराला तेरा लागली.

त्या रागात जर्मनीत फोन लावला. चुलत भाऊ म्युनिकला असतोय. म्हणलं, तुमच्यात काय पद्धत हाय? तो म्हणाला, "आमच्याकडं गटाचा दिवसाचा पास मिळतोय. पाच मोठी माणसं, एकच तिकीट. सहा ते चौदा वर्षांची दोन पोरं म्हंजे एक मोठं माणूस." पोरं जोडीनं मोजत्यात, मोज्यागत! फोन स्पीकरवर हुता, तात्या तिथंच म्हणाला, मग जर्मनीलाच जाऊ या.

पर मी बसून हिशेब घातला. पोरं तवर बाजूला. मोठी माणसं धा. पाच-पाचाचे दोन गट. झकास. आता काकी कुठल्या गटात आन् आत्ती कुठल्या? (गप्प.) दोघी एका गटात चालणार न्हाईत. २००६ साली एका लग्नात आहेराच्या साडीवरनं झालंय. बरं, वेगळ्या केल्या. तर आई कुणाच्या गटात? ती काकीच्या गटात गेली तर आत्ती म्हणणार, "मी नणंद असून मला टाकलं." शेवटाला मीच म्हणलं, ज्येनं एक कार्ड एक माणूस काढलं, त्येच्या घरात बी आत्ती असणार.

(उठून गेटाचा अभिनय करतो.) आता दार. कार्ड ठेवायची ती काळी चकती, हिरवा बाण, आन् पोटाला लागणारी ती दोन पाखं. तात्यानं कार्ड उलटंपालटं केलं. तात्याचा जन्म गेला मोटारी रिवायंडिंग करण्यात. शिरोली एमआयडीसीतल्या किती मोटारी त्येच्या हातनं गेल्यात. म्हणाला, "ह्येच्यात सेल कुठं हाय?" भाचा म्हणाला, "सेल नसतोय आजोबा. कार्डात बारीक तारेचे वेढे असत्यात. दारातनं १३.५६ मेगाहर्ट्झची लहर येती, तेवढ्यावर कार्ड जागं होतंय."

तात्या गपकन थांबला. "म्हंजे दारात एक कॉइल, कार्डात एक कॉइल." व्हय. "मधी तार न्हाई." न्हाई. "म्हंजे ट्रान्सफॉर्मर की रं हा!" (हात जोडतो.) आन् त्येनं त्या दाराला नमस्कार केला. मागं रांग खोळंबली. तात्या एकेकाला थांबवून सांगालाय, लांब धरू नका, दोन बोटांच्या आत धरा, जवळ आणल्याशिवाय करंट चढत न्हाई.

आक्कानं कार्ड हातात धरलंच न्हाई. बटव्यात तिचं एक, दोन पोरांची दोन, आन् बटवाच चकतीवर ठेवला. लाल. परत ठेवला. लाल. तात्या ओरडला, "तीन तीन कार्डं एकदम बोलालीत! दाराला कुणाचं ऐकू येणार?" आमच्या घरात रोज हेच चालतंय, पर दारानं असं तोंडावर सांगायला नको हुतं.

ह्या गडबडीत आईनं कार्ड लावलं, पाखं उघडली, आई आत गेली. आन् तिच्या मागनं, तिचा पदर पाखात अडकू नये म्हणून तो धरून, दाजी पण आत. कार्ड न लावता! जावई सासूचा पदर धरून आत गेला. आमी सगळी 'काय जावई हाय' म्हणून बघत ऱ्हायलो. दाराच्या हिशेबानं मात्र दाजी अजून बाहेर.

उतरताना कळलं. दाजीनं कार्ड लावलं. लाल. दार म्हणतंय, तू आत आलासच न्हाईस, बाहेर कसा जाशील? दाजी घामाघूम. आई शेजारीच. आता जावयाची अडचण सासूला बघवती व्हय? आपलं कार्ड दाजीच्या हातात दिलं, त्येंचं आपण घेतलं. "पाव्हणं, तुमी व्हा फुडं." दाजी बाहेर. आई आत. हातात असं कार्ड, जे आतच आलं न्हाई.

आमी बाहेर येऊन मोजलं. बारा. परत मोजलं, बारा. तवर आईचा फोन.

आता बाहेरगावच्या मंडळींना एक सांगायला पायजे. आमच्या कोल्हापूरकडच्या बाया 'मी आले, मी गेले' म्हणत न्हाईत. मी आलो, मी गेलो. आन् आईचा आवाज आधीच दमदार. मी पळत खिडकीकडं गेलो, म्हणलं, "ताई, आमचं एक माणूस आत ऱ्हायलंय," आन् फोन स्पीकरवर टाकला.

(जाड आवाजात) "मी आत अडकलोय. मी चालून चालून दमलो. मी आता हितं बाकड्यावर बसतो."

पोरगीनं लगेच आत निरोप धाडला: एक आजोबा अडकलेत, वयस्कर आहेत, आवाज दमलेला वाटतोय. शिपाई पळाला. फलाट बघितला, जिना बघितला, पुरुषांची मुतारी बघितली. आन् आई बाकड्यावर बसून त्येलाच विचारती, "काय झालं रं बाळा? का पळालाईस?"

"एक आजोबा हरवलेत, आजी."

"अरं द्येवा. कुणाचं तरी वडील असतील." आन् आई उठून त्येच्याबरोबर शोधायला लागली.

हिकडं धाकटा भाऊ म्हणाला, आई एकटी घाबरंल, मी आत जातो. पास हाय की, कितीबी फिरा! गेला. भाऊ गेला म्हणून वैनी गेली. वैनी गेली म्हणून पोरं. आत्ती म्हणाली, भावजय माझी हाय, मी न्हाई गेलो तर काकी काय म्हणंल. आत्ती गेली म्हणून काकी गेली. तात्या तर मघापासनं वाटच बघत हुता, प्रत्येक फेरीला पास वसूल होत हुता. शेवटाला मी. बाराच्या बारा आत. फलाट, जिना, सगळीकडं 'आई, आई'.

आन् फोन वाजला. (जाड आवाजात) "मी बाहेर आलो. त्या पोरानं मोठं दार उघडून दिलं. तुमी सगळी कुठं हायसा?"

(बाकड्यावर बसतो. पिशवीतून वही काढतो, चष्मा लावतो.)

बरं, आता कामाचं. आषाढीची वारी. गावातनं चाळीस माणसं एकदम झाली की एसटी गावात येती, दारातनं थेट पंढरपूर. कार्ड न्हाई, दार न्हाई, लाल हिरवं काय न्हाई. मी कालपासनं नावं घालालोय. आत्ती आन् काकी पहिल्या आन् शेवटच्या बाकावर. (बोटानं नावं मोजत) छत्तीस, सदतीस, अडतीस.

अडतीसच.

(चष्म्यावरनं पहिल्या रांगेकडं बघतो. बोट हळूहळू वर येतं.)

तुमी दोघं एकत्र आलाईसा न्हवं? जोडीनंच?

(पेन उघडतो.) नाव सांगा की.

(अंधार.)