पेशकारसाहेब आणि गिझर

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊनही ज्यांना सारी गल्ली निजामी अमदानीतला हुद्दा परस्पर बहाल करून 'पेशकारसाहेब' म्हणते, असे एक गृहस्थ जालन्याच्या प्रत्येक वसाहतीत वास्तव्य करून असतात. आणि कोणाच्याही घरी नवी वस्तू येणार अशी नुसती कुणकुण लागताच ते न बोलावता, कानावर पेन्सिल खोचून, हजर होतात. वस्तू विकत घेणे हा त्यांच्या लेखी व्यवहार नसून मुकदमा असतो, आणि मुकदम्याचा निकाल पहिल्याच तारखेस लागला तर कचेरीची अब्रू ती काय राहिली, असे त्यांचे प्रामाणिक मत असते.

कार्तिकात शेजारच्या मास्तरांनी इन्स्टंट गिझर घेण्याचे ठरविले, तेव्हा साहेबांचा पहिला सवाल आला, "टाकी नाही म्हणता, मग पाणी तापतं कुठं?" वाहते पाणी तीन किलोवॅटच्या कॉइलवरून जाता जाताच तापते, मिनिटाला दोन लिटर सोडल्यास त्याचे तपमान सुमारे वीस अंशांनी चढते आणि दहा मिनिटांत बादली भरते, असे मास्तरांच्या चिरंजीवांनी अदबीने निवेदन केले. साहेबांनी मान हलवली. "म्हणजे दहा मिनिटं लागतातच की! वर 'तात्काळ' असा शेरा असलेल्या मिसली आम्ही जन्मभर हाताळल्यात, बाळ."

येथून तहकीकात सुरू झाली. दोनशे तीस व्होल्टांवर हे यंत्र तेरा अँपिअर ओढणार, तेव्हा सोळा अँपिअरचा पॉइंट, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि भक्कम अर्थिंग यांवाचून न्हाणीघरात त्यास प्रवेश नाही, असा हुकूम सुटला. महावितरणाकडे मंजूर भार वाढविण्याचा अर्ज खुद्द साहेबांच्या हस्ताक्षरात रवाना झाला. मग पाण्याचा पंचनामा. घाणेवाडीचे वा जायकवाडीचे पाणी नळाला येणार दिवसांच्या अंतराने, म्हणजे मधल्या काळात गच्चीवरच्या टाकीत बोअरचेच पाणी चढणार, आणि त्यातील क्षारांचे पुट कॉइलवर बसून ती अकाली निकामी होणार, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी मास्तरीणबाईंच्या पातेल्यात बोअरचे पाणी आटवून तळाचा पांढरा थर चारचौघांसमक्ष दाखविला, आणि खाली पंचांच्या सह्याही घेतल्या.

गंमत अशी, की यातले एकही म्हणणे चुकीचे नव्हते. साहेब खोटे बोलत असते तर त्यांना चहा पाजून वाटेस लावता आले असते; परंतु ज्याचे प्रत्येक वाक्य बरोबर आहे आणि ज्याच्या प्रत्येक वाक्यापायी काम आठवडाभर लांबते, अशा माणसापुढे सज्जन कुटुंब सर्वस्वी निरुपाय होते. ज्या गावातल्या भट्ट्यांत सोळाशे अंशांच्या आसपास लोखंडाचे पाणी होते, त्या गावात मास्तरांच्या घरी पौष सरला तरी एक बादली पाणी कोमट होईना.

त्यांच्या या चिकाटीच्या मुळाशी दुष्टपणा मात्र तिळमात्र नव्हता. ज्या पिढीने उताऱ्याच्या एका नकलेसाठी तहसिलीच्या ओट्यावर दिवस काढले आणि पुढे त्याच ओट्याच्या आतल्या बाजूस बसून इतरांना तसेच बसविले, त्या पिढीस अर्ज-विनंतीवाचून, नुसते बटण दाबून काही मिळावे, हे मनापासून बेकायदा वाटते. विलंब हीच तिच्या मते कोणत्याही लाभाची प्रतिष्ठा.

महाशिवरात्र गेली, होळी पेटली, आणि चैत्राच्या पहिल्या पंधरवड्यात वायरमन व प्लंबर या उभयतांनी साहेबांच्या देखरेखीखाली गिझर भिंतीवर चढविला. भर दुपारी चाचणी झाली. नळ सोडताच असे कढत पाणी आले की मास्तरांनी हात मागे घेतला. "पाहिलंत? क्षणाचाही विलंब नाही!" साहेब कृतार्थ स्वरात म्हणाले. बटण अद्याप दाबलेलेच नाही, गच्चीवरची काळी टाकी उन्हाने तापली आहे, हे वायरमनने हळूच सांगितले. पण तोवर कागदावर 'चाचणी यशस्वी, प्रकरण दाखल दप्तर' असा शेरा पडून सही झाली होती.

मग दुसरा कोरा कागद काढून साहेब ओट्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "मास्तर, उन्हाळा लागला. मंजूर भार आता वाढलेलाच आहे. कूलरचा विषय हाती घेऊ या."