साइटकाका

मुंबईच्या उपनगरात रस्ता करायचा म्हणजे पालिका लागते, कंत्राटदार लागतो, वाहतूक पोलिसांची परवानगी लागते. तो नीट होतोय का, हे बघायला एक निवृत्त गृहस्थ लागतो, आणि त्याला मात्र कोणी नेमावं लागत नाही. बोरिवलीत जेसीबी आला की तो बोरिवलीत उगवतो, घाटकोपरला पत्रे लागले की घाटकोपरला. मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीत हे पद साइटकाकांकडे आहे. त्यांची सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली. बांधकामाशी संबंध आला तो कर्जाच्या अर्जापुरता.

पालिकेने शहरातले सुमारे ७०० किलोमीटर रस्ते दोन टप्प्यांत काँक्रीटचे करायला घेतले आणि दुसऱ्या टप्प्यातल्या कामांची गुणवत्ता तपासायला आयआयटी मुंबईला नेमलं. काकांनी ती बातमी दोनदा वाचली आणि चष्मा पुसत म्हणाले, "पवईहून ती माणसं रोज थोडीच येणार आहेत?" दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काका हातात छत्री, डोक्याला टोपी आणि खिशात मेजरिंग टेप घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे होते.

खोदाई सुरू झाली. आम्हाला खड्डा दिसत होता, काकांना इतिहास दिसत होता. "हा डांबराचा जाड थर बघा, निवडणुकीच्या आधीचा. त्यावरचा पातळ, तो नंतरचा." खड्ड्यात पाण्याची, गॅसची, केबलची अशा नळ्यांची गुंतवळ निघाली. तरुण दुय्यम अभियंता नकाशा उलटासुलटा करत होता. काकांनी छत्रीचं टोक एका जागी टेकवलं. "इथे आमच्या इमारतीची जुनी लाइन आहे. जेसीबी आवरा." नकाशात तिथे काही नव्हतं. मजुरांनी हाताने माती उकरली, तर लाइन अगदी तिथेच. त्या दिवसापासून साइटवर काकांना खुर्ची मिळू लागली आणि कटिंग चहाही. घरी त्यांचं म्हणणं कोणी ऐकून घ्यायचं नाही. इथे मुकादम "साहब, देखो तो" म्हणून बोलवायला येई.

मग खडी पडली, रोलर फिरला, त्यावर कोरडं काँक्रीट आलं. "हा डीएलसी," काका येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत, "हा रस्ता नव्हे, ही रस्त्याची बैठक." दूध आणायला निघालेल्या माणसाला तिथून वीस मिनिटांच्या आत सुटका नसे. डीएलसीवर प्लास्टिक अंथरलं तेव्हा सोसायटीत कुजबुज झाली, की कंत्राटदार कचरा गाडतोय. काकांनी नोटीस बोर्डावर स्वतःच्या अक्षरात खुलासा लावला: 'वरचा थर खालच्या थराला चिकटू नये म्हणून प्लास्टिक असते. अफवा पसरवू नयेत.' खाली सही, आणि सहीखाली बँकेच्या सवयीने तारीख.

सळयांवर तर त्यांचा फारच जीव. पुतण्याच्या लग्नात दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "शेजारशेजारचे दोन पट्टे एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून टाय बार घालतात. पिळाची सळई, दोन्हीकडे घट्ट धरणारी. ती तुम्हा दोघांत असावी. पण पुढच्या-मागच्या स्लॅबमध्ये डॉवेल असतो. गुळगुळीत, अर्ध्या अंगाने मोकळा. भार या स्लॅबचा त्या स्लॅबला पोचतो, पण उन्हात फुगायला जागा राहते. तो सासू-सुनेत असावा." टाळ्या पडल्या. काकू खाली बघत जिलबी मोडत होत्या.

काँक्रीट ओतायच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालत. मिक्सरची गाडी आली की आधी चलन मागत आणि प्लांटवरून निघाल्याची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत. मग स्लम्प टेस्ट. तीस सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके. मजूर थांबला की काका म्हणत, "चौबीस हुआ." आयुष्यभर नोटा मोजलेला माणूस, त्याला कोण फसवणार? चाचणीचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरले की घरच्या कालनिर्णयवर एकादशीशेजारी 'क्यूब ७ दिवस' आणि संकष्टीशेजारी 'क्यूब २८ दिवस' अशी नोंद होई.

रात्री दोन वाजता सांधे कापायचं यंत्र किंचाळायला लागलं, तेव्हा अख्खी इमारत खिडकीत आली. काका मफलर गुंडाळून गॅलरीत प्रसन्न उभे. "आज कापू दे! नाहीतर उद्या तो स्वतःच तडकेल, त्याला वाटेल तिथे." मग क्युरिंगचे, म्हणजे पाण्याचे दिवस आले. काकूंच्या तुळशीला पाणी घालायची त्यांना रोज आठवण करावी लागे. रस्त्यावरच्या गोणपाटाला मात्र सकाळ-संध्याकाळ पाणी. "पानी मारो बराबर, कोपरा सुका है!" ओल्या स्लॅबवर स्कूटर घालू पाहणाऱ्या एका डिलिव्हरीवाल्याला त्यांनी छत्री आडवी धरून रोखलं आणि त्याचं पार्सल स्वतः तिसऱ्या मजल्यावर पोचवलं.

पावसाळ्याआधी कामं पुरी करायची पालिकेची मुदत होती ३१ मे २०२५. पाऊस मुंबईत दाखल झाला २६ मेला. "परिपत्रक पोचलं नसेल त्याला," काका कडवटपणे म्हणाले. अर्धी गल्ली काँक्रीटची, अर्धी तशीच, आणि काका चार महिने घरात. ही संधी साधून सेक्रेटरी पुनर्विकासाचं संमतीपत्र घेऊन गेले. सगळ्या इमारतीत एकट्या काकांचीच सही राहिली होती आणि कमिटीला एकमत हवं होतं. काकांनी चहा पाजून त्यांना परत पाठवलं. "या वयात घर मोडून कुठे जाऊ?"

पाऊस संपल्यावर काम पुन्हा सुरू झालं आणि काही आठवड्यांत पूर्णही झालं. सांध्यांत सीलंट भरलं, पत्रे निघाले, गाड्या सुळकन जाऊ लागल्या. लोक काकांचं अभिनंदन करायला लागले, "रस्ता छान झाला हो!" काका उदासपणे म्हणत, "वरून सगळेच छान दिसतात. आत काय काय आहे ते मला विचारा." पण कोणी विचारत नव्हतं. झालेल्या रस्त्याकडे कोण बघतं? स्वतः काकाही बघत नसत. खुर्ची गेली, कटिंग गेला, मुकादम दुसऱ्या वॉर्डात गेला. काका सकाळी सातला तयार होऊन सोफ्यावर बसत आणि काकूंच्या फोडणीत मोहरी जास्त झाल्याचं सांगत.

आठवड्याने काकू स्वतः सेक्रेटरींकडे गेल्या. त्याच संध्याकाळी बिल्डरचा माणूस घरी आला. काकांनी कार्पेट एरिया विचारला नाही, कॉर्पस विचारला नाही. "पाया पाइलचा की राफ्टचा?" एवढंच विचारलं आणि भाड्याचं घर समोरच्याच इमारतीत, साइटकडे खिडकी असलेलं मिळेल, याची खात्री करून घेतली. काका सही करत असताना काकूंनी विचारलं, "काम किती दिवस चालेल?"

"तीन वर्षांत चावी देतो, काकू."

काकांचं पेन थबकलं. चेहरा उतरला. "तीनच? मग क्युरिंग कधी करणार तुम्ही?"